सिंदखेड राजा पायी पाहायचं तर: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी एका दिवसाची वाट

नागपूर-मुंबई जुन्या रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या सिंदखेड राजाला थांबतात, पण अर्धाच तास. राजवाड्याच्या दरवाजासमोर फोटो, आत जिजाऊंच्या जन्मस्थानी नमस्कार, बाहेर एक चहा, आणि गाडी लोणारकडे नाहीतर शेगावकडे निघते. मला दर वेळी हळहळ वाटते. माझं माहेर याच तालुक्यातलं. घरी पाहुणे आले की त्यांना हे गाव दाखवायचं काम माझ्याकडे असतं, आणि इतक्या वर्षांत माझी एक ठरलेली वाट तयार झालीय. सकाळी राजवाड्यापासून सुरू होते, संध्याकाळी मोती तलावावर संपते. गावात कुठेही गाडी लागत नाही.

वाट सांगण्याआधी एक गोष्ट सांगते, म्हणजे पुढचा क्रम असा का, ते कळेल. माझे वडील म्हणायचे, जुनं गाव पाहायचं असेल तर आधी तिथं पाणी कुठून येतं ते पाहायचं. सिंदखेड राजा हे घाटावरच्या बुलढाण्यातलं गाव. इथं मोठी नदी नाही. खाली काळा पाषाण, वर थोडी माती, आणि मार्च लागला की विहिरी तळ दाखवायला लागतात. अशा जागी चारशे वर्षांपूर्वी एक नांदती राजधानी उभी राहिली, ती तलाव आणि बारवांच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींच्या, जोरावर. वाडा आणि समाधी पाहून परत गेलात तर राजे दिसतील, गाव दिसणार नाही. म्हणून माझ्या वाटेत वाड्याइतकाच वेळ पाण्याला आहे.

दिवस कोणता निवडायचा

ऑक्टोबर ते जानेवारी. पावसाळा नुकताच संपलेला असतो, तलावांत पाणी असतं, तुरी उभ्या असतात, ऊन सोसवतं. मे महिन्यात येऊ नका. एकदा मी नाइलाजानं मे महिन्यात पाहुण्यांना घेऊन फिरले होते. दुपारी बाराला देवळासमोरच्या फरशीवर चप्पल काढून चालताना पाय पोळले आणि सोबतच्या आजींना भोवळ आली. सगळा बेत तिथंच सोडून सावली गाठावी लागली.

१२ जानेवारीचं मात्र वेगळं. १५९८ साली याच दिवशी जिजाऊंचा जन्म झाला. त्या दिवशी महाराष्ट्रभरातून लाखो माणसं इथं येतात. पहाटेपासून राजवाड्यापुढे रांगा, भगवे फेटे, नऊवारी नेसलेल्या मुली, पुस्तकांचे स्टॉल. आयुष्यात एकदा तरी ती गर्दी अनुभवावी. पण त्या दिवशी माथा टेकायला या, गाव पाहायला नाही. गावासाठी वेगळा दिवस काढा, शक्यतो शाळा-कचेऱ्या चालू असलेला साधा वार.

यायचं कसं

रेल्वेनं येणाऱ्यांनी जालन्याला उतरावं. तिथून एसटीनं तासाभराचा रस्ता. मेहकर, चिखली, देऊळगाव राजाकडूनही एसटी मिळते. समृद्धी महामार्गावरून स्वतःच्या गाडीनं येणार असाल तर सिंदखेड राजालाच उतरायची सोय आहे. गाडी राजवाड्याजवळ लावा आणि संध्याकाळपर्यंत विसरा.

नऊच्या आत पोचायचा प्रयत्न करा. सोबत पाण्याच्या दोन बाटल्या, टोपी किंवा गमछा, आणि घट्ट बसणारी चप्पल नाहीतर बूट. बारवेच्या पायऱ्या उंच आणि घासून गुळगुळीत झालेल्या आहेत, पावसाळ्यानंतर त्यांवर शेवाळ असतं. अंधाऱ्या ओवऱ्यांत डोकवायला छोटी बॅटरी बरी पडते. एक वही घ्या. मोबाइलमध्ये फोटो शेकड्यांनी साठतात आणि नंतर कुठली कमान कुठली ते आठवत नाही. मी प्रत्येक जागी बसून दोन ओळी लिहिते आणि मग उठते.

लोणारचं सरोवर याच दिवसात बसवू नका. ते पाहायला वेगळा दिवस लागतो, आणि त्या घाईत दोन्ही जागा हातच्या जातात.

सकाळी: राजवाडा

राजवाड्याचं मुख्य प्रवेशद्वार रस्त्यालाच आहे. लगेच आत जाऊ नका. समोर पाच मिनिटं उभं राहून भिंतीची उंची डोळ्यांत भरू द्या. मग दरवाजाखाली थांबा आणि वर पाहा, दगड कसे घडवलेत, एकमेकांत कसे बसवलेत ते. असल्या दरवाजाच्या आत दोन्ही बाजूंना देवड्या असतात, पहारेकऱ्यांच्या बसायच्या जागा. मुलं सोबत असतील तर त्यांना तिथं क्षणभर बसवा. पहारा म्हणजे काय ते त्यांना बरोबर कळतं.

हा वाडा लखुजीराजे जाधवांचा. जाधव म्हणजे देवगिरीच्या यादवांचे वंशज. सिंदखेडची देशमुखी त्यांच्याकडे होती आणि लखुजीराजे अहमदनगरच्या निजामशाहीतले बडे सरदार होते. त्यांची आणि म्हाळसाबाईंची लेक जिजाऊ. जन्मस्थानी लोक वाकून नमस्कार करतात, काही बायका ओटी आणतात. तिथं बोलणं आपोआप हळू होतं. वर बांधलेलं बरंच काही काळानं नेलं, पण जोती शिल्लक आहेत. जोत्यावरून चालत गेलं की खोल्या केवढ्या होत्या, चौक कुठं होता याचा अंदाज येतो. घाई केली तर नुसते दगड दिसतात. निदान पाऊण तास द्या.

आवारात बाग आहे. तिथं सकाळी गावातली म्हातारी माणसं बसलेली असतात. त्यांच्याशी बोलायला संकोच करू नका. पहिला प्रश्न तेच विचारतील, ‘‘कोन्या गावचे?’’ नुसतं पुणं किंवा मुंबई सांगून थांबू नका, आपलं मूळ गाव सांगा. मग पुढचं सगळं ते आपणहून सांगतात. वडीलधाऱ्यांना काका, काकाजी म्हणा, बायांना मावशी किंवा माय. ‘‘काकाजी, पुतळा बारव कोणीकडं?’’ असं विचारलंत तर बहुतेक वेळा माणूस उठून थोडं सोबत चालून वाट दाखवतो. गावातल्या गल्ल्यांत मोबाइलचा नकाशा फारसा कामाचा नाही. माझी तर ठाम शिफारस आहे की तो बंद ठेवावा आणि विचारत विचारत जावं.

रंगमहाल आणि त्याची गोष्ट

राजवाड्यानंतर रंगमहाल. बखरीतली ती प्रसिद्ध गोष्ट इथंच घडली असं गाव सांगतं. रंगपंचमीला मालोजीराजे भोसले लहानग्या शहाजीला घेऊन आले होते. शहाजी आणि जिजा एकमेकांवर रंग उडवू लागले, ते पाहून लखुजीराजे कौतुकानं म्हणाले की जोडा छान शोभतो, आणि मालोजींनी भरल्या सभेत तो शब्द उचलून धरला. इतिहासाचे अभ्यासक ही गोष्ट जपून घेतात, आणि ते योग्यच आहे. मी मुलांना ती सांगते, पण गोष्ट म्हणूनच. जिजाऊंचं लग्न शहाजीराजांशी झालं आणि पुढं जाधव-भोसल्यांमध्ये वैर आलं, एवढं मात्र पक्कं. माहेर आणि सासर दोन्हीकडे तलवारी उपसलेल्या असताना या बाईनं काय सोसलं असेल, ते मला इथं उभं राहिलं की दर वेळी जाणवतं.

इथून पुढं सरळ रस्त्यानं न जाता गल्ल्यांतून जा. अजून काही धाब्याची घरं उभी आहेत. मातीचं सपाट छत, जाड भिंती, दारापुढं ओटा. घरांच्या पायात मध्येच एखादा घडीव, नक्षीचा दगड दिसतो. जुन्या वास्तू पडल्या, त्यांचे दगड लोकांनी घरात बसवले. त्यावर नाक मुरडू नका. फोटो काढायचा असेल तर आधी घरात विचारा.

काळाकोट आणि साकरवाडा

काळाकोट म्हणजे किल्ल्यासारखी भव्य बांधणी, काळ्या दगडाच्या दांडग्या भिंती. साकरवाडा हाही तसाच उंच भिंतींचा परकोट. त्याच्या आत विहीर आहे, तळघरं आहेत. विहीर कोटाच्या आत का, हा प्रश्न इथं स्वतःला विचारा. वेढा पडला तर धान्य महिनाभर पुरतं, पाणी मात्र रोजच लागतं.

आणि वेढे पडलेच. सिंदखेडवर आणि आसपासच्या मुलखावर जेवढी संकटं आली, तेवढी वऱ्हाडातल्या फार थोड्या गावांनी पाहिली असतील. याच तालुक्यातल्या साखरखेर्ड्याला १७२४ साली निजामउल्मुल्कानं मुघलांचा सुभेदार मुबारिजखान याचा पराभव केला, आणि त्या एका लढाईनं हैदराबादच्या निजामाची सत्ता पक्की झाली. १७५७ मध्ये निजामाच्या बाजूचे रामचंद्र जाधव सिंदखेडात अडकले होते आणि विश्वासराव पेशवे, दत्ताजी शिंदे यांच्या फौजांनी गाव घेरलं होतं. त्यानंतर अर्धशतकात परिस्थिती इतकी खालावली की १८०४ साली इथून गेलेल्या इंग्रज सेनानी वेलस्लीनं हे चोरांचं ठाणं असल्याचं आणि आसपास माणसं उपासमारीनं मरत असल्याचं लिहून ठेवलं. भिंती एवढ्या जाड आणि आत एवढी पडझड कशी, याचं उत्तर या शंभरेक वर्षांत आहे.

पडक्या भिंतींवर चढू नका. दगड सुटे झालेले असतात आणि सांदीत विंचू-साप असतात. गवत वाढलेलं असेल तर बाहेरूनच पाहा.

नीळकंठेश्वर आणि समोरची बारव

माझी सगळ्यात आवडती जागा ही. दहा-साडेदहाला पोचा. आधी देवळात जा. लखुजीराजांनी या जुन्या मंदिराचा जीर्णोद्धार केल्याचा शिलालेख इथं आहे. अक्षरं झिजलेली आहेत. ती नीट दिसावीत म्हणून काही जण त्यांवर पाणी, खडू, पावडर लावतात. तसं काही करू नका. बॅटरी बाजूनं, तिरपी धरली की खोदलेल्या रेषांत सावली पडते आणि अक्षरं आपोआप उठून दिसतात. एक-दोन शब्द लागले तरी अंगावर काटा येतो.

मग समोरची बारव. चौकोनी, तळापर्यंत पायऱ्या उतरत गेलेल्या. शहरातून येणाऱ्या मुलांनी विहीर पाहिलेली असते ती गोल, कठडा आणि रहाटाची. बारवेत दोर-बादली लागत नाही, माणूस स्वतः पाण्यापर्यंत उतरतो. पावसाळ्यानंतर पाणी वर असतं तेव्हा चार पायऱ्या उतरलं की झालं, उन्हाळ्यात खूप खाली जावं लागतं. म्हणजे बारवेच्या पायऱ्या ही त्या वर्षीच्या पाण्याची मोजपट्टीच. पाण्याच्या वर किती पायऱ्या कोरड्या आहेत त्या मोजा आणि वहीत तारखेसह लिहून ठेवा. मी लिहिते. एकाच महिन्यातल्या दोन वर्षांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की पाऊसमान कसं होतं ते पेपर न वाचता कळतं.

उतरायचं ते भिंतीच्या बाजूनं, एकेक पाऊल पुरतं टेकून. ओल्या पायरीवर मुलांना पुढं सोडू नका. तळाच्या जवळ पोचलात की थांबा आणि बोलणं बंद करा. वर ऊन तापलेलं असलं तरी इथला गारवा हाताला लागतो. चिमण्या-पारव्यांचा आवाज भिंतींवरून फिरून येतो. पाण्यात कचरा दिसेल, वाईट वाटेल. स्वतःची एक पिशवी भरून वर आणता आली तर आणा.

लखुजीराजांची समाधी आणि रामेश्वर

उन्हं डोक्यावर यायच्या आत समाधीकडे वळा. हिंदू राजांच्या समाध्यांत ही देशातली सर्वांत मोठी, असं गावकरी अभिमानानं सांगतात. आकडे मोजायची गरज नाही, समोर उभं राहिलं की तिचं भारदस्तपण पुरेसं बोलतं. २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात, निजामशहाच्या दरबारात लखुजीराजांचा दगाबाजीनं खून झाला. एकट्यांचा नाही. त्यांचे मुलगे अचलोजी आणि राघोजी, नातू यशवंतराव, सगळे त्याच दिवशी. जिजाऊंनी एका दिवसात बाप, दोन भाऊ आणि भाचा गमावला. पुढच्याच वर्षी, १६३० च्या फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. या दोन तारखा मी इथं मुद्दाम एकापाठोपाठ सांगते. ऐकणारे गप्प होतात.

इथल्या जमिनीत अजून बरंच काही दडलेलं आहे. केंद्रीय पुरातत्त्व खात्याचं समाधीच्या संवर्धनाचं काम चालू असताना परिसरात आधी एका शिवमंदिराचे अवशेष लागले, आणि २०२४ च्या जूनमध्ये सव्वादोन मीटरच्या आसपास खोलीवर शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. लांबी सुमारे १.७ मीटर, उंची एक मीटर. विष्णू शेषावर पहुडलेले, लक्ष्मी पाय चेपते आहे, खाली समुद्रमंथन कोरलेलं. आपण ज्या जागेवरून वर्षानुवर्षं चालत होतो तिच्याखाली लक्ष्मी-नारायण होते, हे कळल्यावर त्या दिवशी घरोघरी दुसरा विषय नव्हता. खोदकामाची जागा दोरीनं किंवा जाळीनं वेढलेली असेल तर ओलांडू नका.

रामेश्वराचं मंदिर समाधीहून जुनं, आठव्या ते दहाव्या शतकातलं मानतात. फलकांवर ‘हेमाडपंती’ हा शब्द दिसेल. आपल्याकडे दगडाचं कुठलंही जुनं देऊळ हेमाडपंतीच म्हणवलं जातं. पण हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातला, यादवांचा मंत्री. म्हणजे मंदिर खरंच दहाव्या शतकातलं असेल तर ते त्याच्या आधीचं ठरतं. शब्दावरून कोणाशी वाद घालू नका, फक्त मनात नोंद असू द्या.

दुपार

बारा ते तीन चालू नका. बसस्टँडच्या आसपास आणि हायवेला साधी जेवणाची ठिकाणं आहेत. ज्वारीची भाकरी, बेसन, ठेचा आणि कांदा मिळाला तर दुसरं काही मागवू नका. शेवभाजी घेतलीत तर आधी ‘तिखट कमी’ सांगा, सांगूनही ती तिखटच येते. जेवण झालं की एखाद्या देवळाच्या ओवरीत किंवा झाडाखाली आडवं व्हा. इथं त्याला कोणी हरकत घेत नाही.

तिसरा प्रहर: पुतळा बारव, सजना बारव

तीननंतर पुतळा बारव. नावावरूनच कळतं, इथं बांधणीत मूर्ती आणि शिल्पं बसवलेली आहेत. नुसतं पाणी काढायचं असतं तर एवढी कलाकुसर कोण कशाला करेल? ही बायांची रोज भेटायची जागा होती. घागर भरता भरता सासरचं-माहेरचं बोलणं इथंच होत असणार, आणि घडवणाऱ्यानं ते ध्यानात ठेवून जागा देखणी केली असावी, असं मला वाटतं. शिल्पांना हात लावून पाहू नका, मऊ झालेल्या कडा लवकर झिजतात. सजना बारव पिण्याच्या पाण्यासाठीची. तिथं दहा मिनिटं पुरतात, पण वगळू नका.

संध्याकाळ तलावांवर

आता चांदणी तलाव. तलावाच्या मधोमध तीन मजली इमारत आहे. पाणी भरपूर असेल तेव्हा खालचा भाग पाण्यात असतो, पाणी ओसरलं की जोतं उघडं पडतं. पोहून किंवा गाळातून तिकडं जायचा मोह आवरा. वरून सुकलेला दिसणारा गाळ आत मऊ असतो, गुडघ्यापर्यंत पाय जातो.

शेवटी मोती तलाव, गावाला लागूनच. याचा दर्शनी भाग किल्ल्याच्या तटासारखा बांधलेला आहे. बांध तो बांधच, पण त्यावर बसून पाणी पाहता यावं अशी रचना. तलाव भरला की त्याचं पाणी मुरतं, दगडाच्या भेगांतून खाली उतरतं आणि उताराकडच्या विहिरींचे झरे जिवंत राहतात, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. सकाळी तुम्ही बारवेच्या पायऱ्या मोजल्या होत्या. ती वही इथं उघडा आणि तलावाची पातळीही लिहा, बांधाच्या कुठल्या थरापर्यंत पाणी आहे ते. आज धरणं आणि टँकरवर गाव चालतं म्हणून या तलावांकडं दुर्लक्ष होतं, त्याचं मला फार वाईट वाटतं. गाळ निघाला, बांध दुरुस्त राहिला, तर हे तलाव अजूनही कामाचे आहेत.

साडेपाचच्या सुमाराला गुरं परतायला लागतात. बांधावर बसा. कोणी ना कोणी शेजारी येऊन टेकतं आणि पाऊस कसा झाला, सोयाबीनला भाव काय, यावर बोलणं सुरू होतं. अंधार पडायच्या आत मात्र बसस्टँडवर पोचा. जालन्याकडची आणि मेहकरकडची शेवटची गाडी किती वाजता आहे, ते सकाळी उतरल्याबरोबर चौकशीच्या खिडकीवर विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.